सोपा चेंडू

सावद्याच्या शाळेमागच्या मैदानाला
तीन बाजूंनी भिंत नाही, केळी आहे.
चौथ्या बाजूच्या बाकावर ते तिघे :
निळकंठ फेगडे, पोस्टातून निवृत्त,
खलील मिस्तरी, ज्यांच्या गॅरेजात
बॅटची सुटलेली ग्रिप अजून फुकट बसवून मिळते,
आणि भास्करशेठ वारके, केळीचे व्यापारी,
पोराच्या मनगटाकडेही घड पाहिल्यासारखं पाहणारे.

"नेहेत्यांचा तेजू. लिहून घे भो, यंदा राज्याच्या संघात."
"त्याले उंच चेंडू दिसत नाही."
"दिसतो."
"दिसतो तर मंग मारत का नाही?"
"सतराचा आहे फक्त. भरू दे जरा."
"भरू दे, भरू दे म्हणता पिकून जातं भो.
पिकलेला माल दिल्लीले पोचत नाही."

फेगड्यांची एक वही आहे.
निळी शाई म्हणजे नक्की,
पेन्सिल म्हणजे बघू.
तेवीस वर्षांपूर्वी तिच्यात एक नाव
निळ्या शाईत होतं, खाली दोन रेघा.
माझं.
त्या पानापर्यंत आता कुणी जात नाही.
मीही नाही.

आज होमरनची स्पर्धा. प्रत्येकाला दहा चेंडू.
फेकणारा मी.
ज्या हाताला उभी तरुणाई शिकवलं, चकव,
त्यालाच आता सांगायचं, वाढ.
गुडघ्याच्या वर, छातीच्या खाली,
पाहुण्याच्या ताटात वाढतात तसं, आग्रहानं.
सोपा चेंडू टाकताना खांदा जास्त दुखतो.
का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

तेजूनं सहा मारले.
एक ठिबकच्या नळीवर, पाणी उडालं.
एक केळीचं पान उभं फाडत गेला,
नवं लुगडं टरकावं तसा आवाज.
बाकावर वही उघडली, टोपण निघालं.

मग पालची पोरगी. रुबीना तडवी.
सातपुड्यातून सकाळची एकच गाडी, तिनं आलेली.
बूट भावाचे, पुढच्या टोकात कापूस कोंबलेला.
वहीत तिचं नाव नव्हतं. पेन्सिलीतही.
"पोरीबी आहेत का यात?" वारके.
"नाही असं कुठी लिहेल आहे?" मिस्तरी.

पहिला हुकला.
दुसरा हुकला.
तिसरा बॅटच्या कडेला लागून तिच्याच नडगीवर.
बाकावर शेंगांची टरफलं फुटत राहिली.
ती नडगी चोळत माझ्यापर्यंत चालत आली,
आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली,
"सर, इतके सोपे नका टाकू.
त्याचं काय करायचं ते मला कळत नाही."

मी चेंडूची शिवण बोटांनी शोधली.
ती तिथंच होती.
दोन बोटं आडवी, अंगठा खाली,
आणि खांद्याला न विचारता
मी टाकला. माझा. जुना. आतल्या अंगाला वळणारा.

आवाज आधी आला.
मग केळीवरचे बगळे उठले,
आणि आम्ही सगळे वर बघत राहिलो
तोंडं उघडी टाकून, नवससायास करणाऱ्यांसारखे.
चेंडू खाली पडल्याचं कुणी पाहिलं नाही.

पुढचे तीन असेच गेले. बाकीचे तीन माझे,
म्हणजे तिला लागले नाहीत.
चार विरुद्ध सहा. तेजू जिंकला, रास्त जिंकला,
बक्षिसाचा मिक्सर आईसाठी सायकलला बांधून नेला.
रुबीनाला पाचची गाडी गाठायची होती.

बाकावर रात्री नऊपर्यंत भांडण :
पाटापर्यंत गेला की पाटापलीकडे?
"पलीकडे गेला तर नेमाड्यांच्या शेतात."
"एवढा जाते का कधी?"
"तू पाह्यला का?"
"तू पाह्यला का?"

बाराव्या दिवशी नेमाड्यांची कापणी झाली.
वारक्यांच्या हमालानं गमछ्यात गुंडाळून
एक चिखलाचा गोळा बाकावर ठेवला.
मिस्तरींनी नखानं माती खरवडली.
एका ठिकाणी शिवण उसवलेली.

कुणी काही बोललं नाही.
फेगड्यांनी वही काढली, खिसे चाचपले,
निळं पेन घरी राहिलेलं, पेन्सिलीचं टोक मोडलेलं.
मी माझं पेन पुढं केलं.

ते लाल होतं.
त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं,
आणि घेतलं.